खिलतीची वाटणी

दाभोळ, ५ जानेवारी २०२५

चि. मेहरीन हिस महमुदाफुफूचा सलाम व अ. आ.

फोनवर तुझ्या इलियासचाचाचं नाव निघालं की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितेय. आपल्या मोहल्ल्यातला अझहर रजा संपवून तिकडे बहारीनला परत येतोय. त्याच्याजवळ आपली खिलत दिली आहे. आपले पूर्वज आखातातले घोडे दाभोळ बंदरात उतरवत, आणि बहमनी सुलतानाने खूश होऊन हा रेशमी कमरपट्टा मानाचं वस्त्र म्हणून दिला, असं घरात सांगतात. निकाहाच्या वेळी तो आपल्या प्रत्येक नवऱ्यामुलाच्या खांद्यावर ठेवतात.

आता इलियास तिकडून म्हणतो, पोरांचे निकाह बहारीनलाच होणार, तर तीन तुकडे करू. एक त्याला, एक मला, आणि आमच्या मरहूम भावाचा, तुझ्या अब्बांचा, तुला. अगं, ते रेशीम आहे की फणस, गरे वाटून घ्यायला? तू काम करतेस त्या जुन्या कापडांच्या प्रदर्शनात ती लागली तर त्याचे डोळे उघडतील. नाही लागली, तर मी आता भांडून थकले, करू दे त्याला तुकडे.

वेळेवर जेवत जा. वाळत चालली आहेस असं अझहर म्हणत होता. माया आहे तशीच राहू दे.

तुझी फुफू

---

नईम, मनामा, १९ जानेवारी २०२५

प्रिय फुफूस मेहरीनचा सलाम, वि. वि.

खिलत पोचली, पण घोटाळा झालाय. अझहर हिद्दला राहतो, म्हणून त्याने ती जवळच चाचांकडे ठेवली. चाचांनी ती माझ्याकडे आणण्याआधी उदाचा धूर दिला! इथे दावतीला जाताना कपड्यांना देतात, तसा. आमच्या अश्विनी मॅडम जुन्या कापडांच्या जाणकार. त्यांनी पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. धुराची काजळी जुन्या जरीत बसली असेल, तर ही खिलत बाकीच्या कापडांशेजारी ठेवता येणार नाही म्हणाल्या. तपासणी होईपर्यंत ती वेगळी ठेवली आहे.

मी चाचांना नको नको ते बोलले. ते एवढंच म्हणाले की, सुलतानाचं कापड चारचौघांत न्यायचं, ते तसंच कसं न्यायचं? मग मलाच कसंतरी झालं. तुकडे करायला निघालेला माणूस हा!

दुआ कर. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच असू दे.

तुझी मेहरीन

---

नईम, मनामा, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय फुफूस मेहरीनचा सलाम, वि. वि.

खलास, सुटलो एकदाचे! काजळी नाही. ठिणगी उडेल या भीतीने चाचांनी पट्टा चांगला उंच धरला होता, फक्त वास लागला होता. हवेशीर ठेवल्यावर तोही गेला. काल प्रदर्शन उघडलं आणि आपली खिलत दर्शनी काचेत आहे. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच रडले.

चाचा नवा शर्ट घालून आले होते. अश्विनी मॅडम लोकांना सांगत होत्या की, दरबारात सुलतान वस्त्र देई म्हणजे आपल्या दरबारात जागा देई. ते सर्वांसमोर अंगावर घालायचं, सुलतानाला सलाम करायचा. नाकारलं तर ते बंड समजलं जाई. चाचा मागे उभं राहून ऐकत होते. जरा वेळाने पाहते तर तेच एका बहारीनी कुटुंबाला अर्ध्या अरबीत आपल्या घोड्यांची गोष्ट सांगत होते!

मग काचेखालच्या पाटीवर मालकाचं नाव काय लिहायचं, असं मॅडमनी विचारलं. मी तिघांची नावं सांगणार, तोच चाचा म्हणाले, महमुदाआपाचं लिहा, एकटीचंच.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
मेहरीन

---

दाभोळ, १८ फेब्रुवारी २०२५

चि. मेहरीन हिस फुफूचा सलाम व अ. आ.

तुझं पत्र शेजारच्या अस्माला वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबले. पुढचं तिनेच वाचलं. अल्लाचे लाख शुकर.

इलियासला म्हणावं, पाटीवर माझं नाव असलं तरी प्रदर्शन संपल्यावर खिलत इकडे पाठवायची घाई नको. त्याच्या पोराचा, अर्सलानचा, निकाह इंशाल्ला ईदनंतर आहे ना? अख्खी त्याच्या खांद्यावर ठेवा. माझं तिकीट काढायला सांग, ठेवायला मी येते. आणि हो, त्या दिवशी इलियासला हवा तेवढा ऊद जाळू दे, फक्त कापडापासून लांब.

भेटीपर्यंत जपून राहा.

तुझी फुफू