आत्यावाचून अडलेलं बारसं

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

नांदेड, दि. १८ एप्रिल १९९४

सौ. विहीणबाई नीलाबाई यांना चतुराबाईचा स. न. वि. वि.

तुम्ही जिलानीभाऊंबरोबर पाठवलेलं सामान काल पोचलं. पोच लिहिते. डिंकाचे लाडू एक डबा, बाळंतशेपा पाव किलो, कुंच्या दोन आणि जावईबापूंनी पाठवलेला नावांचा कागद. लाडवांतले दोन वाटेत फुटले होते. ते फुटलेलेच आहेत म्हणून आमच्या ह्यांनी डबा उघडल्या उघडल्या खाऊन टाकले. जिलानीभाऊ लातूर गाडीवर कंडक्टर आणि आमचे भिंतीला भिंत शेजारी, त्यामुळे आणण्याचा खर्च काही नाही. त्यांच्या कमरुन्निसाभाभींना वाटीभर कैरीचं लोणचं दिलं. पण कुंच्यांची किंमत टोपीत अडकलेल्या चिठ्ठीवरून कळली. एकीला पस्तीस रुपये! तेवढ्या कापडात मी चार शिवल्या असत्या. राग मानू नका, सवयीनं लिहिलं.

उज्वला बरी आहे. बाळ बरं आहे. बरं नाही ते एकच, त्याला नाव नाही. बारावा दिवस गेला, सव्वा महिना गेला, पाडवा गेला. ज्याला जे सुचेल ते त्याला हाक मारून राहिला आहे. आजोबा ठोंब्या म्हणतात, भाभी नवाबसाहेब म्हणतात, दूधवाला तर पैलवान म्हणतो. डोस पाजायला दवाखान्यात नेलं तर कार्डावर लिहिलं, उज्वलाचं बाळ. त्याच दिवशी तिथं आणखी एका उज्वलाचं बाळ आलेलं. दुसऱ्याच्या वाटणीचा डोस आमच्या तोंडात जाता जाता राहिला.

त्यात आमच्या ह्यांना नवा नाद लागला आहे. तहसिलातून रिटायर झाल्यावर देवळात बसतील असं मला वाटलं होतं. ह्यांनी धर्माबादहून जुना कॅमेरा आणला. छत्तीस फोटोंचा रोल नातवासाठी म्हणून घातला. धुऊन आणला तर नातू चार फोटोंत, आणि त्यातही एकात नुसता कान. बाकी वाळत घातलेल्या मिरच्या, गोदावरीचा घाट आणि भाभींची शेळी. शेळी मात्र फार सुरेख आली आहे. गच्चीवर मी कुरडया घालत होते तर म्हणे जरा मान वर कर. चीक हातात थिजून राहिला आणि ह्यांना माझी मान पाहिजे.

जावईबापूंच्या कागदावरची सगळी नावं अ वरून. हजेरीत पहिला नंबर लागतो, सर आधी विचारतात, असं त्यांनी खाली लिहिलं आहे. अहो, लेकराच्या तोंडात दात नाही अन् तुम्ही त्याला बारावीला बसवून राहिलात! नाव ठेवणं बापाचं काम नाही, आत्याचं आहे. बापूंना सख्खी बहीण एकच, तेव्हा मान सिंधूचा. भूकंपात तिची तान्ही गेली तेव्हापासून ती तुमच्याजवळच आहे. चार दिवस इकडे आली तर तिच्या जिवालाही बदल होईल. अखिती १३ मेला आहे, मुहूर्त बघायला नको. तिला घेऊन सगळे या.

उत्तराला उशीर तेवढा करू नका. माया आहेच.

आपली,
चतुराबाई

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, दि. २५ एप्रिल १९९४

सौ. चतुराबाईंना नीलाबाईचा नमस्कार पोचो.

पत्र वाचून आम्ही हसून हसून बेजार झालो. पत्रात घातलेला बाळाचा फोटो पण बघितला. त्यात बाळाचं तोंड कोणतं आणि उशी कोणती ते व्याहीबुवांनी पाठीमागं लिहून पाठवावं.

इकडं ऊन लई हाय. घराची तर धर्मशाळा झाली. तुमच्या जावयाचा, हरिओमचा, सुट्टीचा वर्ग पुढच्या खोलीत भरतो, सकाळी पाचाला पहिली बॅच. किनवटपासून पोरं येऊन राहिलीत. दारात चपलांचा ढीग, रांजण नऊ वाजता कोरडा. काल एका पोराची आई ज्वारीचं पोतं घेऊन आली आणि म्हणाली, सर, फी घ्या, पोतं घ्या, पण ह्याला डॉक्टर करून द्या. पोरगं बिचारं माझ्याकडं बघत होतं, मावशी सोडवा म्हणून.

हरिओमनं तुमच्या आधीच घाई केली. पेंटरला बोलावून दारावर फळा लावला, अजिंक्य क्लासेस. बाळाचं नाव तेच ठेवू म्हणतो. पोरांच्या वह्यांवर पण छापलं. आता गल्ली मला अजिंक्यची आजी म्हणायला लागली, मी काय करू?

बारशाचं म्हणाल तर अखितीला जमेलसं दिसत नाही. उन्हाचं तान्ह्या लेकराला माणसांत काढायचं नको. मिरग पडू द्या, मग बघू. सिंधूची तब्येत प्रवासाची नाही. आत्या काय, चुलत आहेतच की. जळकोटला माझ्या दिराची लेक आहे साखराबाई, चार पोरांची आई, गळाही खणखणीत. पाळणे पाठ आहेत तिला. तिला धाडते.

उज्वलाला दुपारचं झोपायला सांगा. मनात आमची जागा राहू द्या.

आपली,
नीलाबाई

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

नांदेड, दि. ३० एप्रिल १९९४

सौ. नीलाबाईंना स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातलं हसण्यासारखं तेवढं ह्यांना वाचून दाखवलं. बाकीचं मी दोनदा वाचलं आणि डोकं तापलं.

आधी ऊन म्हणालात. मग वर्ग म्हणालात. आता मिरग म्हणता. मिरग झाला की आषाढ लागेल, आषाढात नको म्हणाल. आमचा नातू काय मिशा फुटल्यावर पाळण्यात घालायचा का? मी मॅट्रिक आहे, मला महिने मोजता येतात.

आमच्या मानपानात काही कमी पडलं असेल तर तोंडावर सांगा. सिंधूसाठी पैठणी नाही पण चांगलं नारायणपेठ घेऊन ठेवलं आहे, काठ बघून घेतलं आहे. जावईबापूंचा आहेरही आहे. उधार एक पैशाचा नाही. मग अडतं कुठं?

आणि साखराबाईंचा गळा खणखणीत असेल, मला ऐकायचा नाही. सख्खी आत्या घरात असताना चुलत आत्या उभी केली तर चारचौघी काय समजतील? सिंधूला काय वाटेल? तब्येत म्हणता, तर काय झालंय तिला? ताप आहे का, पडसं आहे का? तिचा पत्रात एक शब्द नाही. आधी उज्वलाच्या प्रत्येक पत्राला तिचं उत्तर यायचं. बाळ झाल्यापासून एक ओळ नाही. उज्वला काल डोळे पुसत होती. तिला वाटतं नणंद रागावली. ओली बाळंतीण रडली तर दुधावर जातं, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

खरं काय ते लिहा. गोड लिहू नका, खरं लिहा.

आपली,
चतुराबाई

लातूर, दि. ६ मे १९९४

सौ. चतुराबाईंना नीलाबाईचा नमस्कार.

तुम्ही खरं लिहा म्हणालात, लिहिते. मानपानाचं काही नाही. तुम्ही लेक दिली, त्यात सगळं आलं.

बाळाची तार आली तेव्हा घरात बायका बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, जिचा पाळणा रिकामा झाला तिनं दुसरीचा हलवू नये. मी तिला उठवून लावायला पाहिजे होतं, माझ्यानं झालं नाही. तेच डोक्यात बसलं. सिंधू माझ्या पोटची आहे. तिला मलब्यातून काढली तेव्हा मी देवाला म्हटलं, ही दिलीस, आता काही मागत नाही. पण नातू एकच आहे हो. तिला बाळाजवळ न्यायचं मनात आणलं की छातीत धडधडतं. आणि सिंधू पण नकोच म्हणते, मला कशाला बोलावता म्हणते.

तुम्ही मंगळवार, शुक्रवार करणाऱ्या. देवाचं तुम्हाला जास्त समजतं. तुम्हीच सांगा, जोखीम घ्यावी का? तुम्ही नको म्हणालात तर मी कोणाचं ऐकणार नाही.

हे पत्र वाचून फाडून टाका.

नीलाबाई

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

नांदेड, दि. ९ मे १९९४

सौ. नीलाबाईंना स. न. वि. वि.

पत्र फाडलं. चुलीत पण घातलं.

देवाचं विचारलंत म्हणून सांगते. वीस वर्षं पोथी वाचते, असलं कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही. त्या पहाटे भुई हलली, ती सिंधूनं हलवली नव्हती. तिच्या हातानं पाळणाच हलायचा आहे. नातू तुमचा एक, तसा माझाही एकच. भ्यायचं तर मी पण भ्याले असते. मी भीत नाही, मी वैतागले आहे.

जोखीम म्हणता, तर जोखीम दुसरीच आहे. उद्या हे पोर मोठं होऊन विचारेल, माझी आत्या माझ्याजवळ का येत नाही. तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं, मी देणार नाही.

अखिती गेली असं समजा. आता सिंधू येईल तो मुहूर्त. ती नकोच म्हणत असेल तर तिच्या तोंडून ऐकते. तिला वेगळं पत्र लिहिलं आहे.

चतुराबाई

नांदेड, दि. ९ मे १९९४

चि. सौ. सिंधूस चतुराबाईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र जिलानीभाऊंना तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे. तुला प्रश्न पडेल, मावशीला एवढी घाई कशाची. मला घाई नाही, सगळ्यांनी आणली आहे.

तुझ्या भाच्याचं बारसं अडलं आहे. तुझी आई लिहिते की तू नको म्हणतेस. मला ते आधी खरं वाटलं, मग वाटेना. तू उज्वलाच्या लग्नात माझ्याशी विहिणीच्या पंगतीवरून भांडली होतीस. मला नको म्हणायचं तर तू स्वतः म्हणशील, आईच्या हातून कळवणार नाहीस.

बाई, तुझ्यावर काय आलं ते मला माहीत आहे. समजूत घालायला मी लिहीत नाही, मला ती घालता येत नाही. तुझं मनच होत नसेल तर ओढून नेणार नाही. पण तुझ्या जागी दुसरी कोणी उभी राहणार नाही, एवढं नक्की. मग हे बाळ बाळच राहील. शाळेत घालताना गुरुजींना सांगीन, नाव आत्याकडे आहे.

आत पाकीट ठेवलं आहे, तिकीट लावून, पत्ता घालून. तिकीट वाया घालवू नको. हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही लिही.

तुझी,
मावशी

लातूर, दि. १२ मे १९९४

ती. मावशींना सिंधूचा साष्टांग नमस्कार.

जिलानीचाचांनी दारात मला दोनदा नाव विचारलं, मग पत्र दिलं. मी उभ्या उभ्या वाचलं. परत वाचलं. मग आईला जाऊन विचारलं, अजून बारसं झालं नाही का?

मावशी, मला बाराव्या दिवशीच सांगितलं होतं की बारसं उरकलं. घाईघाईत झालं म्हणे. मागून कळलं, नाव अजिंक्य ठेवलं. दारावर फळा लागला, पोरांच्या वह्यांवर नाव आलं, मग मी कशाला खोटं धरू? मला वाटलं, मला न बोलावता केलं. उज्वलावहिनीवर माझा एवढा राग की तिची पत्रं आली ती उघडली पण नाहीत. आज सगळी उघडली. तिला सांगा, मी पायरीवर बसून वाचत होते आणि पोरं माझ्या अंगावरून वर्गात जात होती.

मी नको म्हटलं नाही. मला कोणी विचारलंच नाही.

आई रडली. म्हणाली, तुझ्यासाठीच केलं. मी चहा टाकला, दुसरं काय करणार. माझ्यासाठी सगळेच लई करून राहिलेत. मी आत आले की शेजारीण लेकरू पदराखाली घेते. रेडिओवर पाळणा लागला की हरिओम बंद करतो. माझ्या पोरीचं नाव घरात कोणी काढत नाही. गौरी नाव होतं तिचं. माझ्या नणंदेनं भांडून ठेवलं होतं, सासूला दुसरं पाहिजे होतं. सात महिने त्या नावानं हाका मारल्या. ती गेली, मावशी. पण आत्या व्हायचं माझं गेलं नाही.

तर मी येते. ह्यांना गावाकडं निरोप धाडला आहे. भूकंपानंतर सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडमधून ते सुटले तर तेही येतील, नाही तर मी एकटी येते. आई येते म्हणते. ती वाटभर धडधडत राहील, तिला खिडकीची जागा लागेल. हरिओमला सांगितलं आहे, अजिंक्य तुझ्या फळ्याला ठेव, पेंटरचे पैसे वाया जायला नकोत. लेकराला मी दुसरं ठेवणार. नाव ठरलं आहे. ते ह्या पत्रात लिहीत नाही, तुम्ही कितीही रागावलात तरी. आधी त्याच्या कानात, मग तुम्हाला.

आणखी एक मागणं आहे. कानात कुर्र केल्यावर बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते मला नीट घालायचे. कोणी हात राखायचा नाही, आईनं पण नाही. आठ महिने झाले, मला सगळे काचेच्या बरणीसारखं उचलून राहिलेत. उज्वलावहिनीचे दोन महिने फुकट रडण्यात गेले, तर पहिला धपाटा तिचा.

बायका किती बोलावल्यात ते परतीच्या टपालानं कळवा, म्हणजे तेवढी पाठ घट्ट करून येते.

तुमची,
सिंधू