दुसऱ्या तपासणीची सही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लहान विमानांची दुरुस्ती (तीन वर्षांपासून बंद), राहणार विमानतळामागच्या वसाहतीत, आज स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसं ठिकाणावर नसल्याचाही दाखला आहे, पण तो वकील नको म्हणाले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि आताही केलं नसतं. कलम पाचसाठी हा खटाटोप आहे. बाकीची कलमं त्याच्या सोबतीला आहेत.

कलम १. राहते घर माझ्या मुलीला द्यावे. ती विकून टाकीन म्हणते, खुशाल विकावे. विकण्याआधी तिच्या भावाच्या खोलीतलं कपाट तिने स्वतः आवरावे. तिच्या आईने ते कोणाला आवरू दिलं नाही, आणि आई गेल्यावर माझा हात धजला नाही. शर्ट घड्या करून ठेवलेत तसेच आहेत.

कलम २. बँकेतली ठेवही मुलीलाच. माझ्यामागे भाषणं करू नयेत. फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरींना तर दोन शब्दही बोलू देऊ नयेत, कारण त्या माणसाचे दोन शब्द पाऊण तास चालतात आणि त्यातला एकही खरा नसतो.

कलम ३. सगळी हत्यारं, पेटीसकट, माझ्या मेहुण्याला. सव्वीस वर्षं आम्ही एका हँगरमध्ये घासलो. बोल्ट किती घट्ट बसला ते दाखवणारा टॉर्कचा पाना दर वर्षी तपासून आणावा. तो आणणार नाही, मला माहीत आहे. कलम पाच वाचल्यावर त्याला हत्यारं नकोशी झाली, तर भंगारात द्यावीत. मी रागावणार नाही, रागवायला असणारही नाही.

कलम ४. कात्रणांची फाईल क्लबला. मोठं विमान पडलं की आठवडाभर जगाच्या तोंडी दुसरा विषय नसतो. लहान पडलं की आतल्या पानावर चार ओळी, आणि चौथ्या ओळीत 'वैमानिकाची चूक'. अशा एकशे बारा बातम्या मी कापून ठेवल्या आहेत. पूर्वी मीही ती ओळ वाचून पान उलटत असे. आता वाचली की वाटतं, कुठल्या हँगरमध्ये कोण गप्प बसला असेल. सेक्रेटरी ही फाईल माळ्यावर टाकतील. तरी द्यावी.

कलम ५. हे माझं निवेदन आहे. अकरा वर्षांपूर्वी आमच्या क्लबचं दोन आसनी विमान उडाल्यावर मिनिटाभरात धावपट्टीपलीकडच्या माळावर पडलं. चालवत होती ती आमच्या वसाहतीतल्या शाळेच्या बाईंची मुलगी, वय सव्वीस, क्लबमध्ये शिकवायला होती. शेजारी बसला होता माझा मुलगा, हौसेने फोटो काढायला. दोघंही जागीच गेले. चौकशीत ठरलं की मुलीने वळणात विमानावरचा ताबा घालवला. ते खोटं आहे.

आदल्या दिवशी मेहुण्याने पंखांच्या तारा बदलल्या होत्या. पंखाच्या टोकाशी हलणाऱ्या फळ्या या तारांवर चालतात. वैमानिकाने हातातली दांडी उजवीकडे नेली की उजवी फळी वर जाते आणि विमान उजवीकडे कलतं. तारा अदलाबदल झाल्या तर सगळं उलटं होतं. म्हणूनच एकाने काम केलं की दुसऱ्याने ते कोऱ्या डोळ्यांनी तपासून वहीत सही करायची, असा नियम आहे. दुसरी सही माझी होती. ती मी चहा पिता पिता केली. मेहुण्याचं काम कधी चुकत नसे. मी उठलो नाही, एवढंच.

उडण्याआधी बाईंच्या मुलीने दांडी दोन्हीकडे हलवून, फळ्या बरोबर हलतात ना म्हणून बाहेर माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पोराला कॅमेऱ्याचा पट्टा आत घे म्हणून सांगत होतो. पंखाकडे न बघताच अंगठा वर केला. कोणी म्हणेल, तिने स्वतः बघायला हवं होतं. पण मी उभा असताना तिला मान वळवून बघायची गरज वाटली नाही.

माळावर पहिला मी पोचलो. फाटलेल्या पंखात उजवी तार डावीच्या कप्पीवरून गेलेली मी या डोळ्यांनी बघितली. मग दोघांना काढायला आलेल्या लोकांनी कटरने सगळं कापलं आणि पुरावा गेला. समोर मुलगा झाकून ठेवलेला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, तपासणी नीट झाली होती ना? मी हो म्हणालो. घरी बायको विचारत होती, कसा गेला हो आपला मुलगा. तिला काय सांगणार होतो, की मी घालवला? ती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ही सबबही उरली नाही.

मेहुण्याला यातलं काहीच ठाऊक नाही. माणसाच्या हातून चूक होते, म्हणून तर दुसरी सही असते. दोष माझा धरावा.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर तीन दिवसांच्या आत वकिलांनी कलम पाच बाईंच्या घरी जाऊन त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. बाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, सावकाश वाचावे. एक प्रत चौकशी कार्यालयाला पाठवावी. 'जुनी प्रकरणे उघडली जात नाहीत' असं छापील उत्तर येईल, ते फाईलला लावावे.

वकिलांनी हे कलम ऐकून चष्मा काढला. म्हणाले, "मिस्त्री, बाई दोन गल्ल्या सोडून राहतात. तेवढं चालायचं सोडून तुम्ही मरायची वाट बघताय?"

म्हणून परवा गेलो. मनाशी वाक्य जुळवून गेलो होतो. बाईंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. माझा मुलगा त्यांच्या मुलीच्या हातून गेला म्हणून दर वर्षी त्या माझ्याकडे माफी मागायला येतात, हात जोडून दारात उभ्या राहतात, आणि मी दर वर्षी असू दे म्हणतो. परवा मात्र त्यांनी वेगळंच विचारलं. "तुम्ही यातले जाणकार. मला एकदा नीट सांगा ना, तिचं नेमकं काय चुकलं?"

मी म्हणालो, "वळण जरा घाईत घेतलं तिने."

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, लहानपणापासून घाईच तिला. मग बराच वेळ मुलीच्या घाईच्या गोष्टी सांगत बसल्या, चपला उलट्या घालून शाळेत पळायची वगैरे. मी पाणी संपवून घरी आलो. तेव्हा आता वकिलांनीच वाचावे. माझ्याने होत नाही.

बाई माझ्याआधी गेल्या तर काय, तेही लिहा, असा वकिलांचा आग्रह आहे. ते मी लिहीत नाही. त्या धडधाकट आहेत, आणि माझे फार दिवस उरलेले नाहीत.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो.

सही: मिस्त्री
साक्षीदार: १. डॉक्टर २. कोपऱ्यावरचे औषधवाले
ठिकाण: राहत्या घरी, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार

पुरवणी

बाई गेल्या शनिवारी दुपारी झोपेतच गेल्या. त्यांची भाची काल निरोप घेऊन आली. बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की, मिस्त्रींकडे जाऊन ये आणि विचार, माझ्या मुलीला माफ केलंत ना?

मी म्हणालो, केलं.

कलम सहामधील वाचनाचा भाग रद्द समजावा. ज्यांना वाचून दाखवायचे त्या हयात नाहीत. कलम पाच जसेच्या तसे ठेवावे.

सही: मिस्त्री
साक्षीदार: वरीलप्रमाणे
ठिकाण: तेच
दिनांक: २ एप्रिल, गुरुवार