तीन तारखेचा संगणक

३ जून
आजपासून घरचा संगणक विंडोज काढून लिनक्सवर. बायकोला विचारलं नाही. चांगल्या कामाला कसली परवानगी! लगेच स्नॅपशॉट घेऊन ठेवला. म्हणजे अख्ख्या संगणकाची प्रत. एखादं अपडेट फिसकटलं, की बटण दाबायचं, सगळं आजच्यासारखं. त्यात कामाच्या फाइल्सही घ्यायच्या का, असं संगणक विचारत होता. घ्या म्हटलं. आपण हात आखडता घेत नाही.

६ जून
बायकोने विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाचं भाषांतर सुरू केलं. वीस तारखेला दिलं की प्रकाशक तिला नोकरीत कायम करणार. मेहुणा तिला म्हणाला, ताई, रोज पेनड्राइव्हवर कॉपी ठेव. मी म्हटलं, मी असताना पेनड्राइव्ह कशाला? तिने माझं ऐकलं. बरं वाटलं.

११ जून
अपडेट केलं. संगणकाचा आवाज गेला. भाषांतराला आवाज लागतो कुठे?

१४ जून
आवाजासाठी दुसरं अपडेट. आवाज आला, प्रिंटर गेला. बायको म्हणाली, वीसपर्यंत काही करू नकोस, तुझ्या पाया पडते. शब्द दिला.

१८ जून, सकाळ
ती आंघोळीला गेली. अपडेट सुरक्षेचं आहे, त्यामुळे शब्द मोडला असं होत नाही. दहा मिनिटांचं काम.

जरा वेळाने
स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय, बाकी काही नाही. बंद करून चालू केला. तेच. न्हाणीघरातलं पाणी थांबलं.

दुपार
जिंकलो! स्नॅपशॉट परत आणला. बायको मागे उभी होती, ओले केस तसेच. माझे धडे आहेत ना, म्हणाली. म्हटलं, एकूण एक फाइल परत येते. आली! संगणक अगदी तीन तारखेला होता तसा. मेहुण्याला मुद्दाम फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, भावोजी, ताईला फोन द्या.

संध्याकाळ
धडे सहा तारखेपासूनचे. तीन तारखेच्या संगणकात ते कुठून असणार? तांत्रिकदृष्ट्या मी चुकलेलो नाही. हे बायकोला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुस्तक पिशवीत घातलं आणि भावाकडे गेली, पहिल्या धड्यापासून टाइप करायला. मदतीला येऊ का, विचारलं. नको म्हणाली. तिचं ते नको ऐकून भीती वाटली.

गडबडीत ती मोबाइल इथेच विसरली. आत्ता त्यावर प्रकाशकाचा फोन आला. काम कुठवर आलंय, विचारत होते. घरची लाज राखायला हवी. म्हटलं, कधीच झालंय, ती उद्या सकाळीच पाठवते.

मेहुण्याला फोन करून हे तिला कळवायला हवं. चहा घेऊन करतो.