तिसऱ्या मजल्यावरची तक्रार

बेंगळुरू, ४ मार्च

ती. गिरिजाक्का हिस नागवेणीचा शि. सा. न.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ओरडून सांगावं तर भावोजींच्या कानावर जातं, म्हणून हे पत्र. त्यांचं डायलिसिस इथे सुरू व्हायच्या आत तुमच्यासाठी भाड्याचं घर ठरवायचंय, आणि मला लगेच लेकीच्या बाळंतपणाला हुबळीला पळायचंय. जिवाला चैन म्हणून नाही. दवाखान्याजवळच्या दोनच इमारती जमण्यासारख्या आहेत, दोन्हीकडे तिसऱ्या मजल्यावरचंच घर रिकामं. नेटवर तिथल्या भाडेकरूंनी लिहिलेले अभिप्राय वाचत बसलेय. बसवनगुडीच्या इमारतीचं नुसतं कौतुक. हनुमंतनगरच्या इमारतीबद्दल मात्र पुट्टस्वामी नावाच्या माणसाने लिहिलंय की लिफ्ट बंद होती, आजारी वडिलांना वेळेत खाली नेता आलं नाही आणि ते गेले. वाचल्यापासून घास उतरत नाही. बसवनगुडीचंच घर धरू ना? लगेच कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
नागू

शिवमोग्गा, ७ मार्च

चि. नागवेणीस अनेक आशीर्वाद.

पत्र मी उशीखाली लपवलं, ह्यांनी शोधून वाचलंच. वर हसून म्हणतात, मेव्हणीने माझं मरायचं ठिकाणही चौकशी करून ठरवायला घेतलंय! मला काही हसू आलं नाही. मग म्हणाले, आपल्या लग्नाआधी तुझे अप्पा आमच्या गल्लीत चौकशीला आले होते. सगळ्यांनी माझे गोडवे गायले. एका शेजाऱ्याने मात्र माझ्या तापटपणाबद्दल सांगितलं, तर अप्पा त्याच्याचकडे कॉफी प्यायला बसले. तेव्हा नागू, तूही नुसती वाचत बसू नकोस, जाऊन माणसांना भेट. इथे माझाही पाय घरातून निघत नाही. भांडी बांधते, सोडते, पुन्हा फळीवर लावते.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी अक्का

बेंगळुरू, १० मार्च

ती. अक्कास शि. सा. न.

दोन्हीकडे जाऊन आले. बसवनगुडीला मालक माझ्या मागोमाग दारोदार. एका बाईला लिफ्टचं विचारलं, तर तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग म्हणाली फार छान. त्याला फोन आला तशी कुजबुजली, मालकाने भाडं वाढवू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय, तुम्ही आजारी माणसाला इथे आणू नका.

हनुमंतनगरला तिसऱ्या मजल्यावर शेजारचं दार वाजवलं, तर उघडलं ते खुद्द पुट्टस्वामीने. तिथेच राहतो अजून! मी चकित होऊन विचारलं, तर म्हणाला, माझे अप्पा याच घरात होते, मी कुठे जाऊ? त्याने लिहिल्यावर मालकाला नवी लिफ्ट बसवावी लागली. आता मालक लिहिलेलं पुसून टाक म्हणून मागे लागलाय. हा म्हणतो, पुसलं की तो निर्धास्त होईल. पण त्या दिवशी शेजाऱ्यांना हाक मारायचंच सुचलं नाही, हे त्याला अजून खातं. सांगताना माझ्याकडे बघेना. मी तेच घर ठरवलंय. तरी धाकधूक जात नाही. चुकले असेन तर आत्ताच रागावून घे.

तुझी, नागू

बेंगळुरू, २ एप्रिल

चि. नागवेणीस आशीर्वाद.

नात झाल्याचं कळलं, ह्यांनी मजल्यावर सगळ्यांना पेढे वाटायला लावले. आता काल काय झालं ते सांगते, घाबरू नकोस. डायलिसिसला निघालो आणि लिफ्ट आमच्या मजल्यावर यायच्या आधीच मध्ये अडकली, नवी असून. पण पुट्टस्वामी अर्ध्या दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून धावला. जिन्यात उभा राहून त्याने अशी हाक दिली की मलासुद्धा ऐकू आली. सगळ्यांची दारं उघडली, माणसं आली, ह्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. हे वरून सूचना देत होते, सावकाश रे, नवरदेव पडेल!

वेळेत पोचलो, सगळं नीट पार पडलं. पण निघताना ह्यांना रिक्षात बसवल्यावर पुट्टस्वामी रिक्षाची दांडी धरून हमसाहमशी रडायला लागला. ह्यांनी त्याच्या साबणाच्या गालावर हात ठेवला. रिक्षावाला घाई करत होता, तरी काढला नाही.

बाळबाळंतिणीला जप. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
तुझी अक्का