तिसरी काडी

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं तोंड काही माझ्या कानातून गेलं नाही. चुलीपुढं बसले की मागून बोलता, "ही भाकर हाय का चपलेचा तळ?" सासू गेली की सून सुटते असं बायका म्हणतात, ते खोटं आहे. पण आज मी भांडायला बसले नाही. माझं लिहिणं चौथीपर्यंतचं, तेही वाकडं. तरी समुद्राचं हे कुणाला तरी सांगायला पाहिजे, आन् घरात सांगितलं की सगळे हसतात.

काड्यांचं तुम्हाला आठवत असेल. कयाधू नदी चढायला लागली की तुम्ही तुराट्या घेऊन काठावर जायचात. एक पाण्याच्या कडेला रोवायची, दुसरी तिच्या वर, तिसरी आणखी वर. मी नवी नवरी होते. चुलीपुढच्या राखेत रेघा ओढून तुम्ही मला शिकवलं. पहिली बुडाली की लेकरं उचलायची. दुसरी बुडाली की जनावरं सोडायची आन् माळाकडं निघायचं. तिसरीचं काय, म्हणून मी विचारलं. तुम्ही भाकर उलटली आन् म्हणालात, "तिसरी बघाया थांबायचं न्हाई. माझा दीर थांबला व्हता." मग ती रोवायची तरी काहून? तर म्हणालात, "पाणी उतरल्यावर बघायची. आपण कितीकानं वाचलो ते कळतं." तुमचा तो दीर बाभळीत अडकलेला सापडला, हे मला पुढं शेजारणीनं सांगितलं. तुम्ही पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही.

तर समुद्राचं. तुमचा नातू आता विजेच्या ऑफिसात आहे. सरकारी सवलतीत सहल मिळते, वर्ष संपायच्या आत गेलं नाही तर ती वाया जाते. आमचं कोकणात जायचं ठरलं आन् निघायच्या तोंडावर तिकडं मद्रासच्या बाजूला ती लाट आली. टीव्हीवर दिवसभर तेच. पाणी गल्लीत शिरतंय, माणसं खांबाला धरून आहेत, मग खांबच नाही. मी म्हणाले, सहल गेली खड्ड्यात. लेक म्हणाला, आई, तो समुद्र वेगळा आन् हा वेगळा. मी म्हणाले, "पाणी काय सातबारा बघून शिरतं व्हय?" तो हसला आन् जीप सांगून आला. सून नांदेडची, शिकलेली. ती धपाटे बांधत बसली.

पोचलो तेव्हा भर दुपार होती आन् समुद्र पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेला होता. लॉजमधल्या टीव्हीवर सांगत होते की आणखी एक लाट येऊ शकते, काठावर जाऊ नका. आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जाईना. लाट यायच्या आधी म्हणे समुद्र मागं हटला होता, आन् माणसं ते नवल बघायला पुढं गेली होती. लॉजवाला म्हणाला, "इकडे काय होत नाय हो आजी." ज्याची खोली रिकामी राहील, तो दुसरं काय बोलणार?

सकाळी बाहेर येते तर समुद्र मागं गेलेला. आत्याबाई, खोटं नाही सांगत, काल जिथं पाणी होतं तिथं कुत्री पळून राहिली होती. आन् तुमचा नातू आपल्या दोन्ही लेकरांना घेऊन पार पुढं, कमरेएवढ्या पाण्यात. मी हाका मारते, वारं हाक मागं फेकतं. तो मला हात हलवून दाखवतो, जसं काही मी त्याला टाटा करायला आले. मग मला दुसरं काही सुचलं नाही. सुरूच्या तीन वाळक्या फांद्या मोडल्या आन् तुमच्यासारख्याच रोवल्या. बसले बघत. पहिलीच्या बुडाशी फेस आला. परत गेला. पुन्हा आला, तो काडी घेऊनच गेला.

सून शेजारी बसली होती. मी म्हणाले, "पहिली बुडाली." तिला काड्यांचं कुणी कधी सांगितलेलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, चपला तिथंच टाकल्या आन् पाण्यात धावली. दुसरी गेली तेव्हा मी पण लुगडं खोचून पाण्यात होते. पायाखालची वाळू सरकत होती, जसं कुणी खालून ओढून राहिलं. लेक म्हणाला, आई, भरती हाय ही. मी चारचौघांत त्याला थोबाडीत दिली. त्या आवाजानं शेजारची माणसंही उठली. लेकरं काखोटीला मारून आम्ही टेकडीवरच्या देवळापर्यंत पळालो. लेकरं रडत होती, धाकट्याच्या तोंडात वाळू होती, आन् मी पाण्याकडं पाठ करून देवळाच्या भिंतीला धरून उभी होते.

लाट काही आली नाही. लॉजवाल्यानं जेवताना समजावलं, रोज दोन वेळा पाणी चढतं आन् दोन वेळा उतरतं. सगळी पंगत हसली. लेक माझ्याशी बोलला नाही, ते बराबरच होतं. संध्याकाळी राग गेल्यावर तो म्हणाला, पाणी उतरलंय, चल आई, तुझी वरची काडी दाखवतो, तिथंच असंल. मी गेले नाही. सुनेनं हळूच विचारलं, "आत्या, तिसरी बुडाली का वो?" मी म्हणाले, बघितली न्हाई. ती म्हणाली, "बरं केलं." मग मी तिला तुमच्या दिराचं सांगितलं.

आता उन्हाळ्यात पुन्हा समुद्राला जायचं चाललंय. सुनेनं काल अंगणातल्या तुराट्या मोडून बॅगेत टॉवेलांखाली सरकवल्या. मी बघितलं, तिनंही बघितलं की मी बघितलं. मी येत न्हाई, गुडघे दुखतात म्हणून सांगितलंय. लेकानं तेलाची बाटली आणून दिली, लेकरं रोज चोळून देतात. हा कागद मी चूल पेटवायला घेईन, कारण लेकाच्या हाती लागायला नको. गुडघ्यांना काही झालेलं न्हाई, आत्याबाई.