फेसाच्या बाजूला झुकायचं असतं

प्रिय संजू,

आज सकाळी तुझा तो आखूड डोंगा घेऊन मी नदीतल्या त्या होलमध्ये गेले. कुणी ढकललं नाही, स्वतःहून गेले! दंड भरून आलेत, कानात अजून पाणी आहे आणि आई जेवायला हाका मारतेय. पण हे आधी तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला त्यातलं काय कळणार?

ऋषिकेशला राफ्टवाल्यांकडे चार मोसम काढून तू रोहण्याला भाजीची शेती करायला परत आलास, तेव्हा टेम्पोतून हे पिवळं कयाक उतरवलंस. तुझ्या उंचीएवढंच जेमतेम. आई म्हणाली, "काऊन रे, अर्धाच आणला का?" तू केवढ्या ऐटीत म्हणालास, "आई, लांब डोंगा नदीतून जाते. हा नदीत खेळते."

आणि खेळायचासच की! वरच्या धरणातून पाणी सुटलं की नदीतल्या खडकांवर लाट उभी राहते. तू प्रवाहाकडे तोंड करून त्या लाटेच्या उतारावर घसरायचास आणि तिथेच थांबायचास. पाणी खालून धावतंय आणि तू जागच्या जागी! सपाट बूड, वर उचललेलं नाक. मनात आलं की कमरेला हिसका द्यायचास आणि डोंगा त्या लाटेवरच गर्रकन फिरायचा. मी पिपरीच्या शाळेत विज्ञानाची बाई, काठावरून तुला उताराची ओढ आणि पाण्याचा रेटा समजावायला गेले. तू ओरडलास, "ताई, शाळा पिपरीले ठेवून येत जा ना! नुसती पाह्य."

लाट मला आवडायची. होल नाही. पाणी खडकावरून खाली पडतं आणि पुन्हा मागेच उलटतं, तो पांढरा उकळता खड्डा म्हणजे होल. लांब डोंगा वेगात असला की त्याला फोडून पार जातो. तुझा आखूड डोंगा तिथेच अडतो. त्याची टोकं पातळ, ती पाण्याने दाबली की डोंगा उभाच होतो, आणि तू मुद्दाम त्यात कोलांट्या मारायचास! काठावर माझा जीव टांगणीला आणि तू हसत वर यायचास. किती राग यायचा तुझा!

होलमध्ये शिरण्याआधी तू वरच्या अंगाला एक वांगं टाकायचास, आठवतं? तुझी परीक्षा ती. वांगं लवकर सुटून खाली गेलं तर जायचं, आतच नाचत राहिलं तर त्या दिवशी घरी. काठावर दोर घेऊन उभी असलेली आई दर वेळी कुरकुरायची, "बाजाराची वांगी नदीले चारते हा!" पण निघताना पिशवीत वांगी तीच भरायची.

मला तू शेततळ्यात शिकवलंस. बेचाळिसाव्या वर्षी डोंग्यासकट उलटं होऊन सरळ व्हायला शिकले मी! आणि मग गेल्या वर्षी, पोळ्याच्या आधी, तू मला त्या होलकडे नेलंस. वांगं टाकलंस, ते लगेच सुटलं. "पाह्य ताई, वांग्याले नाई धरलं, तुले काय धरते!"

मला धरलं. डोंगा आडवा झाला, क्षणात उलटला. सरळ झाले, पुन्हा उलटला. नाकातोंडात पाणी. शेवटी मी डोंग्यातून बाहेर सुटले आणि आईच्या दोराने काठाला लागले. मग मी तुला काय काय बोलले! खोटारडा म्हणाले, बेजबाबदार म्हणाले. तू मान खाली घालून एवढंच म्हणालास, "बरं ताई, माझंच चुकलं."

त्यानंतर तीन आठवडे मी तुझा फोन उचलला नाही. मग तुला ताप आला, तो डोक्यात गेला आणि चार दिवसांत तू गेलास. मी आले तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतास. सगळा गाव म्हणायचा, याला नदी नेईल. नदीने कुठे काय केलं रे! तीन आठवडे वाया घालवले ते मीच.

काल मी घरी आले ती डोंगा कुणाला तरी देऊन टाकू, हे आईला सांगायला. ती भेंडी तोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यानं काई चूक नव्हती केली. तू फेसाले भेली अन् उलट्या अंगाले झुकली. वरून येणारं पाणी डोंग्याच्या कडेवर चढलं, अन् पलटली."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. मी म्हटलं, सांग ना मग तिले. तर म्हणे, आता ते रागात हाय, सांगतलं तर चूक काढल्यासारखं होईन. ताई बोलली का मग सांगतो."

संजू, मी रात्रभर छताकडे बघत होते.

सकाळी पाणी सुटलेलं होतं. आईने दोर खांद्यावर टाकला, पिशवीत वांगी भरली. वांगं मीच टाकलं, ते सुटलं. मग मी शिरले. तू म्हणायचास तसा डोंगा होलमध्ये थबकला, आडवा झाला, थडथडायला लागला. शेजारी फेसाची भिंत गुरगुरत होती आणि माझं सगळं अंग तिच्यापासून पळायला बघत होतं. मी दात खाऊन तिच्याच बाजूला झुकले, वल्हं फेसावर टेकवलं. आणि फेसाने मला उचलून धरलं रे! डोंगा हलत होता, पण उलटत नव्हता. आई काठावरून ओरडत होती, "निंग आता, बाई, निंग!" मी निघाले नाही. थोडा वेळ तिथेच बसले, जोरजोरात रडले. मग वल्हवत होलच्या कडेला सरकले, तिथल्या वाहत्या पाण्याने मला अलगद बाहेर काढलं.

डोंगा कुणाला देणार नाही. त्याला वापराविना पडूही देणार नाही, हा शब्द. आणि आणखी एक शब्द देते, कितीही राग आला तरी कुणाचा फोन वाजता ठेवणार नाही.

चूक माझी होती, संजू. हे बघ, मी बोलले. आता सांग ना.

तुझीच,
ताई