कड्यालगतची खोली

सूनबाई,

रिसॉर्टला फोन करून डोंगरावरची सहल रद्द कर. कड्यालगतची खोली तुझ्या लेकीनेच हट्टाने निवडली, तेव्हा आपण सगळे हसलो. कुणाला हात लावू न दिलेली गिटार आज तिने भावाला देऊन टाकली. मग माझे लिहिण्यावाचण्याचे उरलेले धडे घाईघाईने संपवले आणि म्हणाली, "आजी, आता तुझं माझ्यावाचून अडणार नाही." चार दिवसांच्या सहलीला निघालेली पोर असं बोलत नाही गं.

तिला तुझ्या डॉक्टर मैत्रिणीकडे नेते आहे. तूही थेट तिथेच ये, पण तिच्यावर ओरडू नकोस. मी तिला म्हटलं, "दवाखान्याची पाटी मला अजून वाचता येत नाही, सोबत चल." ती चपला घालून दारात उभी आहे.

आई